खणखणीत आणि बद्द

बूच उडालं ते थेट छताला लागलं आणि खाली येऊन पहिल्या बाकाखाली घरंगळलं. चंबू मधोमध चिरला. आतलं आम्ल टेबलावर पसरलं आणि कडेवरून तिच्या कोटावर ठिबकायला लागलं. आवाज झाला तो एकदाच.

मुलं टेबलापासून लांब बसवलेली होती, म्हणून निभावलं. पुढच्या बाकावरच्या एका मुलीचे कान शाळा सुटेपर्यंत वाजत राहिले, बाकी कुणाला काही झालं नाही. तिने पोरांना मागच्या भिंतीशी नेलं, टेबलावर सोडा टाकला, काच गोळा केली, फडक्याने पुसलं, परत पुसलं. कामात काही चुकलं नाही. तिचा पाठ तपासायला आलेल्या मॅडम मागे खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी पेनचं टोपण लावलं. सराव पाठ तिथेच संपला.

हा पाठ होता हायड्रोजनचा. ती विज्ञान शिक्षिका व्हायला निघालेली, प्रशिक्षणाच्या वर्गात सगळ्यांत मोठी, चाळिशीला टेकलेली. बाकीचे तिला ताई म्हणत आणि पाठीमागे कान म्हणत. कान हे नाव पडलं त्याला मॅडमच कारण होत्या.

मॅडमचा अभ्यासाचा विषय असा की होऊ घातलेले विज्ञान शिक्षक स्वतः कसे शिकतात. कुणी पाहून शिकतं, कुणी ऐकून, कुणी वाचून, कुणी करून. वर्ष सुरू झालं तेव्हाच त्यांनी सगळ्या वर्गाला प्रश्न वाटले होते. नवीन यंत्र हाती आलं तर तुम्ही काय कराल: चित्र बघाल, कुणाला विचाराल, माहिती वाचाल की सरळ हात घालाल? असे बरेच. मॅडमनी त्यासाठी कष्ट कमी घेतले नव्हते. एकेकाची उत्तरं स्वतः तपासली, एकेकाला बोलावून समजावलं. जो जसा शिकतो तसंच त्याने शिकवावं, म्हणजे जीव ओतून शिकवेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

वर्गातल्या बहुतेकांनी करून शिकतो असं लिहिलं. विज्ञानाच्या माणसाने असंच म्हणायचं असतं अशी त्यांची समजूत. त्यातल्या कितीतरी जणांनी आयुष्यात एक परीक्षानळी धड धुतली नव्हती. तर सगळे झाले हात. थोडे पुस्तकं. पाहून शिकणारा निघाला एकच, एक लांबोडका, हसरा पोरगा. त्याचं नाव पडलं डोळा. आणि ऐकून शिकणारी एकटी ही. डोळा आणि कान शेजारी बसायचे, म्हणून दोघं वर्गात शिरले की कुणीतरी म्हणायचंच, आला बघा कानाडोळा.

तिने उत्तरं खरी दिली होती. तिचं सगळं शिक्षणच कानातून आत गेलेलं.

शिकायला येण्याआधी ती बाटल्यांच्या कारखान्यात होती. भट्टीतून निघालेल्या बाटल्या थंड होऊन पट्ट्यावरून यायच्या आणि पट्ट्याच्या कडेला बायका उभ्या असायच्या. हातात लाकडाची छोटी मोगरी. प्रत्येक बाटलीच्या पोटावर एक टिचकी. खणखणीत वाजली तर पुढे, बद्द वाजली तर बाजूच्या पिंपात. बद्द म्हणजे कुठेतरी चीर आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. विचार करायला वेळ नसतो. आवाज कानात शिरायच्या आत हाताने निर्णय घेतलेला असतो. अशी तिने तरुणपणाची सगळी वर्षं काढली. मुकादम म्हणायचा, हिच्यासमोरून चिरलेली बाटली जायची नाही. ते खरं होतं.

शेजारी वहिनी उभी असायची. थोरल्या भावाची बायको. पुढे वहिनीचे गुडघे गेले आणि ती घरी बसली. मग संध्याकाळी ही धुणं धुवायची, भांडी घासायची आणि वहिनी दारात स्टूल टाकून हिचं पुस्तक मोठ्याने वाचायची. वहिनीला त्यातलं फार कळत नव्हतं. पण ती एकही ओळ गाळायची नाही. आकृतीखालचं लिहिलेलंही वाचायची आणि वर शेरा मारायची, की हे आम्ल आपल्या मुकादमासारखं दिसतंय, ज्याला भेटेल त्याला खातं. हात ओले, कान मोकळे. अशी पदवी झाली. बाहेरून परीक्षा देऊन, रखडत, पण झाली.

नोकरी सोडून ती शिक्षिका व्हायच्या वर्गात आली, त्याच सुमाराला कारखान्यात यंत्र आलं. बाटलीतून उजेड सोडून चीर शोधणारं. मोगऱ्या गेल्या, बायका गेल्या. म्हणजे मागे फिरायला जागा उरली नव्हती. पुढे एकच दार होतं. कारखान्याच्या रस्त्यावरच्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं की विज्ञानाची जागा या वर्षापुरती धरून ठेवते.

बूच उडाल्याची बातमी मोठ्या बाईंपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. त्यांनी बोलावून घेतलं. रागावल्या नाहीत. त्यांनी तिला प्रयोगशाळेच्या दारापाशी नेलं. दाराला कुलूप, कुलपाला गंज. आधीचे मास्तर फळ्यावर प्रयोग काढून दाखवत, पोरं तो उतरवून घेत, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "बोलणारे माझ्याकडे भरपूर आहेत. मला हे कुलूप उघडणारं माणूस हवंय. शेवटचा पाठ प्रयोगाचा घ्या आणि पास होऊन या. भाषण करून पास झालात तर अभिनंदन करीन, पण जागा देणार नाही."

आणि मॅडमचं म्हणणं याच्या नेमकं उलट.

मॅडमनी तिला आपल्या खोलीत बसवून घेतलं. परीक्षक बाहेरचे येणार, त्यांच्यापुढे पुन्हा असं काही घडलं तर वर्ष गेलं समजा. त्यापेक्षा तुमची शैली ऐकण्याची आहे, आवाज चांगला आहे, समजावता सुरेख. तक्ता लावा, गोष्टीसारखा हायड्रोजन सांगा, हमखास पास व्हाल. मॅडमच्या बोलण्यात आकस नव्हता. त्यांना ती पास व्हायला हवी होती. स्वतःचा सिद्धांतही पास व्हायला हवा होता, पण तो नंतर.

तिने सांगितलं की पाठ प्रयोगाचाच घ्यायचाय.

"का उडालं ते तरी कळलंय का तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

ते तिलाही कळलं नव्हतं. नियम तिला पाठ होता. नळीतून येणारा हायड्रोजन आधी परीक्षानळीत धरायचा, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ज्योतीला लावायचा. त्यात हवा मिसळलेली असेल तर मोठा आवाज होतो, तेव्हा थांबायचं. आवाज मवाळ झाला म्हणजे हवा गेली; मगच नळीचं टोक पेटवायचं. नाहीतर ज्योत नळीतून आत शिरते आणि चंबू फुटतो. हे ती झोपेत म्हणून दाखवू शकली असती. आणि तरीही मोठा आवाज झाल्या क्षणी तिचा हात पेटती काडी घेऊन नळीकडे गेला होता. कुणी ढकलल्यासारखा.

मॅडम म्हणाल्या, निष्काळजीपणा. तिने मान खाली घातली. निष्काळजी हा शब्द तिला आजवर कुणी लावला नव्हता. तो घरी जाईपर्यंत बुटातल्या खड्यासारखा टोचत राहिला.

वहिनी भाजी निवडत होती. हिने कोट काढून दोरीवर टाकला. कोटाला पुढून भोकं पडली होती. वहिनीने भोकांकडे पाहिलं, मग हिच्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं नीट, पहिल्यापासून सांगायला लावलं. नळी धरली, ज्योतीपाशी नेली, इथपर्यंत आलं.

"मग आवाज कसा आला?"

"खणखणीत."

"मग चांगलाच की," वहिनी म्हणाली आणि देठ मोडता मोडता थांबली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

एवढंच होतं ते. इतक्या वर्षांचा कान. खणखणीत म्हणजे पुढे, बद्द म्हणजे पिंपात. हायड्रोजनचं सगळं उलटं. खणखणीत म्हणजे धोका, बद्द म्हणजे चांगलं. नियम तोंडाला ठाऊक होता, हाताला नव्हता. हाताने नेहमीसारखं कानाचं ऐकलं आणि बाटली पुढे सोडली. असली चूक पुस्तकवाल्याच्या हातून झाली नसती, हातवाल्याच्याही नाही. ती चूक करायला बाटल्याच वाजवाव्या लागतात.

तिने दुसऱ्या दिवशी मॅडमना जाऊन हे सांगितलं. मॅडमच्या सगळ्या प्रश्नांमध्ये ऐकणं ही एक बाजू होती, कुणाची कमी, कुणाची जास्त. कानाला आधीच काहीतरी शिकवून ठेवलेलं असू शकतं, हा प्रश्न त्यात नव्हता. त्या म्हणाल्या, "मग तर मुळीच करू नका. सवय अशी महिनाभरात जात नाही."

"जायची नाही. पण तिला दाबून धरता येईल."

मॅडमनी परवानगी दिली, मनाविरुद्ध. एक सांगितलं, की परीक्षकांसमोर पाठ बिघडला तर मी मध्ये पडणार नाही. ती म्हणाली, पडू नका.

सराव घरीच सुरू झाला. जेवणं झाली की वहिनी दोन बाटल्या घेऊन बसायची, एक धड, एक चिरलेली. हिने पाठ फिरवून बसायचं, पुढ्यात काडेपेटी. वहिनीने मोगरी मारायची. खणखणीत आलं तर दोन्ही हात मांडीवर. बद्द आलं तरच काडेपेटी उचलायची. ऐकायला पोरखेळ वाटतो. पहिल्या संध्याकाळी ती सारखी चुकत होती. खणखणीत वाजलं की हात सुटायचाच, आणि बद्द वाजलं की खांदा आपोआप डावीकडे वळायचा, पिंपाकडे. पिंप तिथे नव्हतंच. वहिनी हसून हसून बेजार व्हायची, आणि मग हसणं थांबवून पुन्हा मोगरी मारायची. वहिनीचं मनगट जुनंच होतं. एका लयीत, न थकता. मध्येच लय मोडायची, मुद्दाम. ही चिडायची. वहिनी म्हणायची, "चीड. तिथे काय लयीत वाजणार आहे?"

भाऊ कामावरून येऊन जेवताना हे बघायचा. त्याने एकदा विचारलं की शिक्षिका व्हायला हे लागतं का. वहिनीने त्याला सांगितलं की तुम्ही ताटात बघा.

हळूहळू हात थबकायला लागला. वळायचा, पण वाटेत थबकायचा. पूर्ण बंद झाला नाही. पाठाच्या आदल्या दिवशीही दोनदा सुटला. मग तिने स्वतःपुरता एक नियम केला. एक बद्द पुरे नाही. लागोपाठ दोन बद्द आल्याशिवाय काडीला हात लावायचा नाही. पुस्तकाला एक पुरत असेल, तिला दोन लागतील.

पाठाच्या दिवशी ती, जिथे बूच उडालं होतं त्याच शाळेत, शाळा भरायच्या आधीच पोचली. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या काकांकडे सामान मागितलं. काकांनी चंबू काढून दिला तो मोठा होता. तिने लहान मागितला. काका म्हणाले, लहान एकच होता, तो तुम्हीच संपवलात. तिला हसू आलं नाही. तिने बूच ओलं करून बसवलं, लांब दांड्याचं नरसाळं एका भोकात, निमुळती नळी दुसऱ्यात. जस्ताचे तुकडे घासून टाकले. आम्लाचं माप नेहमीचं, आधी लहान चंबूवर केलेल्या सरावातलं, हाताला पाठ असलेलं. ते वर्गासमोर ओतायचं म्हणून बाजूला ठेवलं. परीक्षानळ्या पुसून ओळीने उभ्या केल्या. मेणबत्ती आणि काडेपेटी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवली, मुद्दाम. हात सुटला तरी चार पावलं चालावी लागतील.

परीक्षक आले. मोठं कपाळ, कमी बोलणं. ते मागच्या भिंतीशी बसले, मॅडम त्यांच्या शेजारी. डोळा मदतीला म्हणून दारापाशी उभा. त्याचा पाठ आधीच झाला होता आणि चांगला झाला होता.

तिने सुरुवात केली. आवाज सुरुवातीला जरा चिरकला, मग लागला. जस्त काय, आम्ल काय, त्यातून काय सुटणार, हे तिने पोरांकडूनच काढून घेतलं. मग आम्ल ओतलं. बुडबुडे आले. पोरं उठून बघायला लागली, तिने बसवली. जरा वेळ जाऊ दिला. परीक्षानळी उपडी करून नळीच्या टोकावर धरली, अंगठ्याने तोंड दाबलं, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली, मेणबत्तीपाशी अंगठा काढला.

फट्. कडक, खणखणीत.

पोरं खूश झाली. तिचा उजवा हात हलला. तिला तो हलताना दिसला. कोपरापर्यंत आला आणि थबकला. तिने तो कोटाच्या खिशात घातला.

तिने वर्गाला सांगितलं की हा आवाज वाईट. हवा आहे अजून. जोराचा आवाज म्हणजे थांबा. पोरांना पटलं नाही. जोराचा आवाज त्यांना आवडला होता. तिने दुसरी नळी भरली.

फट्. तसाच.

तिसरी. तसाच. चौथीला पोरं आधीच कानावर हात ठेवून हसायला लागली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि भुवया उचलल्या.

एवढ्या वेळात हवा जायला हवी होती. लहान चंबूच्या सरावात जायची. तिने बुचाला कान लावला. कुठे फुसफुस आहे का ऐकलं. बाहेर मैदानात दुसरा वर्ग कवायत करत होता, शिट्ट्या वाजत होत्या, काही कळेना. तिने पुन्हा कान लावला. कानाकडेच जायचं तिला सुचत होतं. आयुष्यभर जे अडलं ते तिथेच सुटलं होतं. कान काही सांगेना. बुडबुडे येत होते, मग जात कुठे होते? खिशातला हात मुठीत वळला. एक विचार मनात आला की पेटवून टाकावं, फुटलं तर फुटलं, हे संपेल तरी. बाटली पुढे सोडावी. तिने ओठ चावला.

पहिल्या बाकावर एक मुलगी होती, तीच, जिचे कान वाजले होते. ती कधीपासून खाली मान घालून आकृती काढत होती. तिने खोडरबर हातात धरून वर पाहिलं.

"बाई, पुस्तकात नरसाळ्याची नळी पाण्यात बुडालीय. तुमची वर लटकतेय. कोणती काढू?"

ती वाकली. चंबूच्या बरोबरीला डोळे आणले. दांड्याचं टोक आम्लाच्या वर होतं, बोटभर. चंबू मोठा, आम्ल तेवढंच, म्हणून पातळी खाली राहिली होती. बराचसा वायू नरसाळ्यातून वरच्या वर निघून जात होता आणि नळीच्या टोकाला आत अडकलेली हवाच जास्त येत होती. इतका वेळ ती चंबूशेजारी उभी होती आणि तिने चंबूकडे पाहिलंच नव्हतं. डोळा दारातून बघत होता. त्याला बहुतेक आधीच दिसलं असावं, पण परीक्षेत बोलायचं नसतं.

ती मुलीला म्हणाली, "पुस्तकातली काढ. माझी चुकलीय. आता बघ, कशी सुधारते."

तिने सगळ्या वर्गाला पुढे वाकून लांबूनच बघायला सांगितलं. मुलीने काय पाहिलं ते मुलीकडूनच सांगायला लावलं. मग नरसाळ्यातून सावकाश आम्ल ओतलं, दांड्याचं टोक बुडेपर्यंत आणि वर थोडं. बुडबुड्यांना जोर आला. तिने थांबायचं म्हणून थांबवलं स्वतःला. पोरांना विचारत राहिली की आता वायू कुठून जाईल, तिकडून का नाही जाणार. उत्तरं येत होती. ती एका कानाने ऐकत होती.

नळी भरली. नेली. फट्, पण कडकपणा गेलेला. हात खिशात गच्च.

आणखी एक. फट् नाही, फप् असं काहीतरी. मधलंच. असल्या मधल्या आवाजाला बाटल्यांच्या पट्ट्यावर नाव नव्हतं. तिथे मधलं काही नसायचं. तिने नळी ठेवली, दुसरी घेतली.

बद्द.

मऊ, पोटातून आल्यासारखा. तिचा डावा खांदा पिंपाकडे वळला. तिने तो सरळ केला. आणि तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली.

पोरं सवयीने उठली. मॅडमनी मागून हाताने खूण केली, स्पष्ट खूण, की पेटवा. एकदा आवाज मवाळ झाला, पुस्तकात एवढंच म्हटलंय, काडी ओढली की पाठ पूर्ण होतो. ती टेबलाच्या त्या टोकाला उभी होती, काडेपेटी हाताशी होती. सगळ्या वर्षाचं काय ते त्या काडीवर होतं. तिने काडेपेटी उचलली नाही. तिने वर्गाला सांगितलं की घंटा झालीय, जायला हरकत नाही, प्रयोग राहिला.

कुणीच हललं नाही. पुढची मुलगी तर बसलेलीच होती.

परीक्षक उठून पुढे आले. त्यांनी चंबूकडे बघितलं, नळ्यांच्या ओळीकडे बघितलं.

"शेवटचा आवाज बरोबर होता. पेटवलं का नाही?"

"एकदाच बद्द वाजलं, सर."

"एकदा पुरतं."

"दुसऱ्या कुणाला पुरेल. माझा कान उलटा शिकलेला आहे. त्याला दोनदा विचारावं लागतं."

परीक्षकांना यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी तिच्या कोटावरच्या भोकांकडे पाहिलं. मग बाकाच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "विचारा मग. मी आहे अजून."

तिने नळी भरली. चार पावलं चालली. आता शिट्ट्या बंद होत्या. अंगठा काढला.

बद्द.

तिने हात खिशातून काढला. काडी ओढली, चालत आली आणि नळीच्या टोकाला लावली. काहीही झालं नाही. म्हणजे जे व्हायचं ते झालं: टोकाला एक फिकट ज्योत उभी राहिली, उन्हात दिसेल न दिसेल अशी. मागून एक पोरगा म्हणाला की एवढंच? सगळे हसले. तिने कोरडा, गार पेला ज्योतीवर धरला. पेल्याच्या आत धुकं आलं, धुक्याचे थेंब झाले.

"बाई, ज्योत दिसत नाही. काय काढू?" मुलीने विचारलं.

"थेंब काढ."

परीक्षक जाताना दोन वाक्यं बोलले. वेळेचे गुण कापले आहेत, ते मिळणार नाहीत. बाकीचे दिले आहेत. मॅडम तिच्यापाशी थांबल्या आणि त्यांनी नळ्या गोळा करायला हात लावला. सगळं धुऊन होईपर्यंत त्या तिथेच होत्या. डोळा मात्र टॉवेल घेऊन नुसता उभा होता. तिने त्याच्या हातात नळ्या दिल्या आणि पुसायला लावल्या.

ती घरी आली तेव्हा वहिनी दारातच स्टूलवर बसली होती. पुस्तक नव्हतं, भाजी नव्हती, हात रिकामे. ही चपला काढत होती तर वहिनीने तेवढंच विचारलं:

"कसं वाजलं?"

"बद्द."

"मग चांगलंच की," वहिनी म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली, चहा ठेवायला.